जहाजावरच्या आचाऱ्याचा दाखला



मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली, म्हणून वादळांविषयी बोल असा आग्रह झाला. पण वादळं कधीतरी येतात. जेवण तीन वेळा लागतं. तेव्हा आज आचाऱ्याविषयी बोलतो.

भर समुद्रात जेवण बिघडलं तर दुसरी खानावळ नसते. म्हणून आचाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं, हा विचार जुना आहे. ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्यात तो आला. १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्यावर वेगळा करारच केला. सध्या २००६ चा सागरी कामगार करार लागू आहे. भारत आणि चीन या दोघांनीही तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार आचारी किमान १८ वर्षांचा हवा. स्वयंपाक, स्वच्छता, अन्नाची साठवण आणि शिधासामानाचा हिशेब, हे सगळं त्याने शिकलेलं हवं. खलाशांचा धर्म आणि चालीरीती पाहून जेवण द्यावं, असंही त्यात आहे.

आमच्या एका जहाजावर चिनी आचारी होते. वीस वर्षं समुद्रावर काढलेली. माझ्यासाठी ते न विसरता वेगळ्या कढईत भाजी करायचे. एका बंदरात तपासनिसाने प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी नोकरीच्या शिक्क्यांनी भरलेली नाविक पुस्तिका पुढे केली. ती पुरली नाही. अगदीच नड असेल तर अशा आचाऱ्याला लेखी सूट मिळते, पण फार तर महिनाभर. त्यांना घरी जावं लागलं. "इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंत, आता परीक्षा?" एवढंच म्हणाले. मलाही ते लागलं.

वर्षभराने त्यांनी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. दुसऱ्या जहाजावर, जास्त पगारावर लागले होते. तोवर त्यांच्या हाताची कीर्ती जुन्या कप्तानांच्या तोंडी होती; नव्या जहाजावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता ओळखीचं कुणी नसलं तरी कागद त्यांच्या बाजूने बोलतो.

अर्थात, कागदाला किंमत येते ती नीट पाहून सही करणाऱ्यामुळे. सर, बाई, तुम्ही आमच्या वह्या ओळ न् ओळ वाचून मगच सही करायचात. त्या सहीच्या भरवशावर आम्ही कुठकुठल्या बंदरांना लागलो, ते आज समोर बसलेलं तुम्हाला दिसतंच आहे.