सायकलची जोडगाडी

धुळ्याच्या आग्रा रोडवर लोटगाडीवर अवघा प्रपंच चालविणारा फेरीवाला आणि बामणोदच्या शिवारातून भरिताच्या वांग्यांची गोणी सायकलच्या कॅरिअरवर आवळून फैजपूरच्या बाजाराची वाट धरणारा शेतकरी, या उभयतांच्या श्रमाचा मोठा हिस्सा ओझे वाहण्यापेक्षा ते सावरण्यातच खर्ची पडतो, असे मला सदैव वाटत आले आहे. गोणीच्या तळाची वांगी दबली की बाजारात त्यांना कोणी पुसत नाही. सबब, सायकलच्या पाठीवर भार न लादता तो मागे जोडलेल्या दोन चाकांच्या गाडीवर सोपवावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

जुनी चाके, लोखंडी अँगल आणि फळ्या ही सामग्री भंगार बाजारात मिळते. मात्र सायकलचे चाक दोन्ही बाजूंनी धरले जावे अशाच बेताने घडलेले असल्यामुळे, बैलगाडीच्या चाकाप्रमाणे ते एकाच अंगाने बसविले तर भाराखाली त्याचा एक्सल वाकल्यावाचून राहत नाही. म्हणून प्रत्येक चाकाच्या आतून आणि बाहेरून अँगल आला पाहिजे, आणि त्या दोहोंमध्ये चार बोटे मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल तेथे असा दाटतो की चाक जागच्या जागी जखडते.

खरे कसब सांध्याचे. साखळीला अडथळा नको म्हणून दांडी डावीकडून, मागच्या एक्सलापाशी जोडावी. आणि सायकल वळली, खड्ड्यात उतरली, किंबहुना आडवी पडली, तरी गाडी आपल्या चाकांवर उभी राहील इतका तो सांधा लवचिक असावा. जाड रबरी नळीचा तुकडा हे काम उत्तम करतो. तो तुटलाच तर गाडी सुटू नये यासाठी जोडीला लोखंडी साखळी अनिवार्य समजावी.

भार भरण्याची विद्या आपल्या गाडीवानांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते, दांडी सायकलचे मागचे चाक वर उचलू पाहते आणि ऐन उतारावर ब्रेक धरेनासा होतो. यास्तव एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा दांडीवर येईल असे भरावे.

आणि मागच्या फळीला लाल काच लावल्यावाचून रात्री मुंबई-आग्रा रस्त्यावर ही गाडी कोणीही आणू नये. मालमोटारवाल्याला सायकलस्वार दिसतो, परंतु त्याच्या मागून गुडघ्याएवढ्या उंचीवर येणारी फळी दिसत नाही.