ओसाड वास्तूतली माणसाची आकृती



पडक्या वाड्यात, ढासळलेल्या बुरुजावर किंवा बंद पडलेल्या गिरणीत माणूस उभा करून छायाचित्र काढण्याची हौस आज सर्वत्र दिसते. लग्न ठरले की वधूवर गड गाठतात, आणि कलावंत म्हणवणारेही भग्न भिंतीच शोधत हिंडतात. यास कोणी थिल्लरपणा म्हणतो, कोणी कला म्हणून मान डोलावतो. आम्हांस वाटते, निवाडा करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. ओसाड जागेत माणूस उभा करायचा तो कशासाठी?

प्रथम ओसाडपणाचाच विचार करू. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका वाहत्या रस्त्याचे चित्र उंचावरून घेतले. त्या काळी पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटण्यास मिनिटे लागत. त्यामुळे चालती माणसे आणि धावत्या गाड्या उमटल्याच नाहीत. बुटाला पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ तेवढा जागचा हलला नाही, म्हणून तो राहिला. भरवस्तीचा रस्ता चित्रात निर्मनुष्य झाला! तेव्हा ओसाडपणा हा नेहमी जागेचाच गुण असतो असे नाही. कधी कधी तो पाहणाऱ्याचा दोष असतो.

आपल्या अजिंठ्याचेच पाहा. १८१९ साली शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ती लेणी पडली आणि 'शोध लागला' असे लिहिले गेले. आसपासच्या रानात वावरणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती थोडीच! पुढे तेथील चित्रांच्या प्रती करण्यासाठी रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. परंतु त्याने छायाचित्रेही काढली होती, आणि ती १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्यांतील काहींत दाराशी वा खांबाशी एखादा माणूस आहे. त्याच्यावरून खांबाची उंची कळते. हा मापाचा उपयोग झाला. तो प्रामाणिक आहे, पण त्यात माणसाची गजकाठी होते.

दुसरा उपयोग परिणामाचा. १८५८ साली फेलिचे बेआतो याने लखनौच्या सिकंदरबागेचे चित्र घेतले. आदल्या वर्षी तेथे मोठी कत्तल झाली होती. मागे फुटका महाल, पुढे अंगणात अस्थी, आणि मधे काही माणसे उभी. त्या अस्थी मुद्दाम मांडल्या होत्या काय, याविषयी अभ्यासक अजून वाद घालतात. चित्र पाहून अंगावर काटा येतो, पण हा काटा कोणाच्या मरणाच्या किमतीवर, असेही मनात येते.

आता घरी येऊ. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. त्या जागेला कोणी 'झकास पार्श्वभूमी' म्हटले, तर आपण खपवून घेऊ काय? नाही; कारण ती आठवण सांगणारे आपण येथे आहोत. विसरलेली जागा म्हणजे दुसरे काय? जिच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही, ती.

माण-खटाव हा अवर्षणाचा मुलूख. येथील माणसे गिरण्यांत कामासाठी मुंबईस गेली, गलाईच्या धंद्यात सोने-चांदी गाळत देशभर पांगली. मागे राहिली कुलूप घातलेली घरे. कडी गंजली, माळवद खचले, तुळशीवृंदावनात गवत माजले. परक्या छायाचित्रकाराला ते 'भग्न सौंदर्य' वाटेल. ज्याचे ते घर, त्याला ती आजीची चूल आहे. यात्रेला तो येतो, तेव्हा आधी त्या ओट्यावर टेकतो. तिसरा उपयोग तो हाच, नात्याचा. त्या ओट्यावर सजवलेली परकी व्यक्ती बसवली तर चित्र देखणे होईल. तिथे वाढलेला माणूस बसवला तर घर बोलू लागेल.

म्हणून आमच्या तरुण मित्रांस काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आधी शेजाऱ्यास विचारा, घर कोणाचे. पडके असले तरी ते बेवारस नसते. सकाळचा तिरपा प्रकाश घ्या. भिंतीचा गिलावा, दगडावरील टाकीचे घाव त्यात उठून दिसतात. माणसाला ऐट करायला लावू नका, त्याच्या सवयीने बसू द्या. चित्र चांगले दिसावे म्हणून दगड हलवू नका आणि भिंतीवर नाव तर मुळीच कोरू नका. शेवटी, चित्राच्या मागे गाव, घर आणि साल लिहा. माणसाची हरकत नसेल तर त्याचे नावही लिहा. गिलच्या चित्रातला माणूस आज आपल्यापुरता निनावी आहे. आपल्या चित्रातला तरी तसा राहू नये.

घरे पडतील, पाऊस आणि काळ कोणाचे ऐकत नाहीत. पण घर पडण्यापूर्वी त्याच्या उंबऱ्यावर त्याचे माणूस एकदा उभे राहिले, आणि कोणी ते आदराने टिपले, तर ते घर ओसाड झाले असे निदान आम्ही तरी म्हणणार नाही. वडूजच्या प्रत्येक आळीत असे एखादे कुलूप आहे. या उन्हाळ्यात त्याच्या किल्लीवाल्याची वाट पाहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.