मी नसताना वॉर्डात काय होते?

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फैजपूरचा माणूस माईकसमोर उभा राहिला की १९३६च्या काँग्रेस अधिवेशनापासून सुरुवात करतो, अशी आपली ख्याती आहे. मी तो मोह टाळते. मला वेळ थोडा दिला आहे आणि मागून भरताचा वासही यायला लागला आहे. संयोजकांनी मला विषय दिला, 'परिचारिका क्षेत्रातील नेतृत्व आणि आजचे प्रश्न'. विषय भारदस्त आहे. पण अधिसेविका, म्हणजे तुमच्या भाषेत मेट्रन, म्हणून निवृत्त होईपर्यंत मला कोणी नेता म्हटले नव्हते. 'सिस्टर' म्हणायचे. शेवटी शेवटी 'मॅडम' म्हणायला लागले.

आठवीत आपली पालला सहल गेली होती, आठवते? परतताना एस.टी.त हजेरी झाली. सगळ्यांची 'हजर सर' झाली. तरी आपले वर्गशिक्षक गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत आले. एक डोके कमी भरले. कोणाची हजेरी कोणी दिली होती, हे समोर बसलेल्यांपैकी एकाला चांगले ठाऊक आहे. त्याचे नाव घेत नाही, आता तो आजोबा झाला आहे. सरांनी गाडी सोडली नाही, पोरगा सापडला, आणि दोघांनाही प्रसाद मिळाला.

डोक्यावर हात ठेवून मोजायची ही गोष्ट मी नोकरीत विसरले, आणि त्याची किंमत एका म्हाताऱ्या माणसाने दिली. ते सांगायला मी आज उभी आहे.

सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका म्हणून लागलो की पुढची पायरी परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. ही बढती बहुतेक सेवाज्येष्ठतेने मिळते. एके दिवशी हातात आदेश येतो आणि जुनी इन्चार्ज किल्ल्यांचा जुडगा देते. त्या दिवशी माझ्याकडून चादरी, उशा, स्टँड, बेडपॅन सगळे मोजून डेड स्टॉक रजिस्टरवर सही घेतली गेली. एक चादर कमी भरली तर ती माझ्या पगारातून जाणार होती. चाळीस खाटांच्या त्या वॉर्डात साठ माणसे होती, काही जण खाली गाद्यांवर. ती मोजून माझ्या ताब्यात द्यावीत असे कोणालाच वाटले नाही. मलाही नाही. हाताखालच्या माणसांकडून काम कसे करून घ्यावे, चुकलेल्या मुलीशी कसे बोलावे, चिडलेल्या नातेवाइकांसमोर कसे उभे राहावे, याचे एका दिवसाचेही प्रशिक्षण मला मिळाले नव्हते.

आमच्यात ड्युटी बदलताना 'ओव्हर' देतात. कोणता रुग्ण कसा आहे, काय दिले, काय द्यायचे राहिले, हे जाणारी सिस्टर येणारीला सांगते. शिकताना आम्हाला ते खाटेपाशी उभे राहून करायला शिकवले होते. पण रजिस्टरे वाढली, इंडेंट वाढले, तसे आम्ही ओव्हर टेबलापाशी घ्यायला लागलो. वहीवरून वाचायचे, सही करायची. इन्चार्ज म्हणून ते मीच चालू दिले. दहा-पंधरा मिनिटे वाचायची ना!

एका रात्री खालच्या गादीवरचे एक बाबा उठून मागच्या नळावर पाणी प्यायला गेले आणि पडले. पहाटे झाडायला आलेल्या मावशीला दिसले. मांडीचे हाड मोडले होते. ते हाड जुळले, पण बाबा पुन्हा स्वतःच्या पायांनी चालले नाहीत. आणि त्यांच्या चार्टवर रात्री दोन वाजताचे ताप, नाडी, श्वास लिहिलेले होते, पुढे 'झोप शांत' असा शेराही. तेव्हा बाबा नळापाशी पडलेले होते.

चौकशी झाली. मला लेखी विचारले, 'ओव्हर खाटेपाशी होते का?' मी लिहिले, 'होय.'

रात्रपाळीला एकच मुलगी होती. नोकरीला दोन वर्षेही झाली नव्हती. तिला मेमो मिळाला, वेतनवाढ रोखली गेली. मला कोणी काही बोलले नाही. त्या खोट्या 'होय'वर माझी नोकरी स्वच्छ राहिली. गुरुजनांसमोर हे बोलताना जड जाते आहे, पण नेतृत्वावर बोलायचे आणि हे लपवायचे, हे काही जमले नाही.

पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुन्हा वाचायला घेतली. दर १२ मेला आम्ही तिच्या फोटोला हार घालतो, मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो. वाचत मात्र कोणी नाही. १८५९च्या शेवटी निघालेल्या तिच्या छोट्या पुस्तकात व्यवस्थापनावर एक प्रकरण आहे. त्यातला मुद्दा आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला कळेल असा आहे. तुम्ही समोर असताना काम नीट होते यात विशेष नाही. तुम्ही नसताना तेच काम तसेच कसे होईल, याची सोय लावून ठेवणे म्हणजे व्यवस्था. हे नसेल तर बाकीची सगळी चांगली सेवा वाया जाते. मी ते वाचले आणि त्या रात्रीचा विचार केला. मी घरी झोपले होते. पण ती रात्र मीच लावून ठेवलेली होती.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट, तुम्हा सगळ्यांना माहीत असलेली. जून २०२०, करोनाचे दिवस. जळगावच्या शासकीय रुग्णालयात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी वॉर्डातून दिसेनाशा झाल्या आणि आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडल्या. देशभर बातमी झाली, अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. मी तिथे नव्हते, तिथल्या कोणाला दोष द्यायला मी उभी नाही. पीपीई किटमध्ये घामाने निथळत, घरी जाता येत नसताना काम केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मी फक्त हिशोब केला. दिवसातून तीनदा ड्युटी बदलते. आठ दिवसांत चोवीस वेळा. चोवीस ओव्हरमध्ये कोणाचा हात त्या डोक्यावर पडायला हवा होता, आणि तो का पडला नाही, हा प्रश्न निलंबनाने सुटत नाही.

याच्या अगदी उलट गोष्टही आपल्याच महाराष्ट्रातली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ला ड्युटी संपवून ती कपडे बदलायला तळघरात गेली होती. तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा शुद्धीत आली नाही. १८ मे २०१५ला ती गेली. साडेएकेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवले, कुशीवर वळवले, पुसले. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले तेव्हा त्या आडव्या आल्या. दयामरणाच्या याचिकेवर मार्च २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोअर नाही याची नोंद घेतली.

ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्याला बेडसोअर म्हणजे काय ते सांगायला नको. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, पाठ कोरडी ठेवायची. दोन दिवस चुकले तरी जखम दिसते. आणि तिला सांभाळणाऱ्यांतल्या कितीतरी मुली १९७३ साली जन्मलेल्याही नव्हत्या! मेट्रन बदलल्या, इन्चार्ज निवृत्त झाल्या, एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला. मला कोणी नेतृत्वाचे उदाहरण विचारले तर मी एकही नाव सांगणार नाही, त्या वॉर्डाचा ओव्हर सांगेन.

आणि हेही सांगेन की ती कपडे बदलायला तळघरात का गेली होती. परिचारिकांना धड खोली नव्हती म्हणून. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टर मुलीचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले आणि देशभर पुन्हा तीच चर्चा झाली, ड्युटीवरच्या बायकांना विश्रांतीची सुरक्षित खोली हवी. मध्ये पन्नास वर्षे गेली. मेट्रन झाल्यावर मी कडीकोयंड्याची खोली मागितली तेव्हा स्टोअरसाठी जागा कमी पडते असे उत्तर मिळाले. दोन वर्षे भांडून मिळवली.

त्या बाबांच्या प्रकरणानंतर मी ओव्हर पुन्हा खाटेपाशी नेला. मुली कुरकुरल्या, मीही मनात कुरकुरले. आधी माणसे मोजायची, मग वही उघडायची. स्वच्छतागृहात, एक्स-रेला, व्हरांड्यात कोण आहे ते पाहिल्याशिवाय जाणारीने जायचे नाही. पहिल्या आठवड्यातच एका म्हाताऱ्या बाईची सून मध्येच म्हणाली, 'सिस्टर, सासूबाईले साखरेची गोळी दिलीच नाही.' वहीत दिल्याची खूण होती. एचआयव्हीसारख्या गोष्टी मात्र खाटेपाशी बोलायच्या नाहीत, त्या बाजूला जाऊन सांगायच्या, हा नियम चुकून-माकून आम्ही पुढे केला.

पण नुसत्या शिस्तीने भागत नाही, आणि इथे माझा स्वर जरा वर जाईल. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आणि वर रजेसाठी तीस टक्के जास्तीच्या. माझ्या वॉर्डात रात्री साठांमागे एक होती. लिंडा एकन या परिचारिका-संशोधक बाईंनी युरोपातल्या नऊ देशांतली तीनशे रुग्णालये तपासली. चार लाखांवर शस्त्रक्रियेचे रुग्ण. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडले की परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. एक रुग्ण वाढला की! मेट्रनने हे आकडे तोंडपाठ ठेवून बैठकीत मांडायला हवेत. आम्ही काय करतो? 'सांभाळून घेऊ साहेब' म्हणतो. मीही कितीदा म्हटले.

दुसरी गोष्ट पगाराची. आपल्या वर्गातले काही जण डॉक्टर आहेत, स्वतःची रुग्णालये चालवतात, त्यांनी राग मानू नये. २९ जानेवारी २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि दोनशे खाटांच्या वर सरकारी पगाराइतके. शिफारशीला दहा वर्षे होत आली. आपापल्या पगारपत्रकात पाहा. जी.एन.एम.ची तीन वर्षे करून आलेल्या मुलीला तुम्ही काय देता, आणि तिच्या जागी न शिकलेली मुलगी पांढरा डगला घालून उभी असते का, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा झाला, १९४७चा जुना कायदा बदलण्यासाठी. त्याचा मला आनंद आहे. पण इन्चार्ज होणाऱ्या मुलीला किल्ल्या देण्याआधी महिनाभर जुन्या इन्चार्जच्या बरोबरीने उभे करा, एवढी साधी गोष्ट कायद्याची वाट न पाहता कुठलाही दवाखाना करू शकतो. सतत-शिक्षणाच्या नावाखाली सभागृहात बसवून प्रमाणपत्र वाटण्यापेक्षा ते बरे. आणि चूक झाली तर सांगायला जागा ठेवा. चूक सांगितली की मेमो, हे ठरलेले असले तर चार्टवर 'झोप शांत' लिहिले जाणारच.

ती मुलगी पुढे नोकरी सोडून आखातात गेली. इतकी वर्षे मला तिला फोन करायचे धाडस झाले नाही. मागच्या दिवाळीत केला. मी लिहिलेल्या त्या 'होय'बद्दल बोलायला लागले तर ती म्हणाली, 'मॅडम, मला तेव्हाच माहीत होते. पण दोनचे टेंपरेचर मी न घेताच लिहिले होते, ते काही तुम्ही लिहिले नव्हते.' दोघीही थोडा वेळ गप्प बसलो.

मग तिने विचारले, 'आता तिथे ओव्हर कुठे घेतात?'

मी म्हटले, 'मी निघाले तेव्हा खाटेपाशी घेत होते.'

'आणि रात्री किती जणी असतात?'

'एकच,' मी म्हटले.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. थांबते.