चौथा भाग मोडू नका



आम्ही गिरणीवाले. पठाणी व्याज आमच्या चाळींनी पाहिलंय. आता दुकानदार म्हणतो, नवा मोबाईल घ्या, हप्त्याने, शून्य टक्के व्याज! सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले, शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते बहुधा प्रक्रिया शुल्कात लपवलेले असते.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. हप्ता आधी हा चौथा भागच गिळतो. जुना मोबाईल चालतोय ना? मग शेजाऱ्याने घेतला म्हणून आम्ही घेणार नाही. पोरं रुसतील, रुसू द्या. त्यांच्या फीचे पैसे आम्ही मोडणार नाही.

जयभीम!