वळिवड्याची पोलिश शाळा



भिवापूरला मिरचीच्या हंगामात देठ खुडायला आलेल्या बाईचं पोर शाळेबाहेर राहिलं, तर त्याचं नाव निदान गावच्या शाळेच्या पटावर चढवता येतं. पण लढाईमुळे ज्याचा देशच सुटला, त्याचं नाव कुणी चढवायचं? आणि त्याच्या मास्तरांचा पगार कुणी द्यायचा?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सुमारास, सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. त्यातली काही १९४२ मध्ये इराणमार्गे सुटली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत शाळा निघाल्या. कोल्हापूरच्या मातीत ही मुलं पोलंडचा इतिहास-भूगोल गिरवत होती, तेही पोलिश भाषेतून, कारण लढाई संपली की घरी जायचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. पण जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. आता काय? पुढे छावणीचा भार आधी ‘अनरा’ या मदतसंस्थेने आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने उचलला. मला विचाराल तर परदेशी मदतीची खरी कसोटी इथे लागते. इमारत बांधून, फोटो काढून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. दर महिन्याचा पगार, तोही वर्षानुवर्षं, ही वेगळी गोष्ट.

आणि घरी जाणं? तिकडे कम्युनिस्ट राजवट आली होती. बरेचजण पोलंडला न परतता ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले.

घरी परतण्याची अशी खात्री नसते, म्हणूनच आता संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था सांगते, की वेगळी शाळा काढत बसू नका, मुलांना आसरा देणाऱ्या देशाच्याच शाळेत बसवा. १९५१ चा निर्वासित करारही प्राथमिक शिक्षणात स्थानिक मुलांसारखीच वागणूक मागतो. भारताने त्यावर सही केलेली नाही. तरीही तिबेटी मुलांच्या शाळांसाठी आपल्या सरकारने १९६१ साली स्वतंत्र केंद्रीय संस्था उभारली. तिबेटी वसाहत बघायला भिवापूरहून फार लांब जावं लागत नाही, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे.