पेडण्याचा नकार आणि डिचोलीची आशा



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कित्येक जण उद्या गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या पर्यटनाशी या ना त्या नात्याने जोडले जाणार, म्हणून आज एकच मुद्दा मांडायचा आहे. गावकरी विरोध करतात तेव्हा त्यांचा रोख पाहुण्यांवर क्वचितच असतो. आपल्या जमिनीचा आणि पाण्याचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, याचा तो राग असतो.

पर्यटक वाढत गेले की गावाचा उत्साह ओसरतो, मग बेफिकिरी येते, मग चीड आणि शेवटी वैर, अशी उतरंड जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने 1975 साली मांडली. वरवर आपले दोन्ही तालुके तिच्यात बसतात: डिचोली उत्साहाच्या पायरीवर, पेडणे वैराच्या. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तेव्हापासून डिचोलीत मयें तळे, हरवळ्याची लेणी आणि नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर यांच्याकडे रोजगार म्हणून पाहिले जाऊ लागले. उलट पेडण्यात 2023 साली आलेला झोनिंगचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा मसुदा लोकांच्या रोषापुढे सरकारला मागे घ्यावा लागला. पण ही उतरंड पेडण्यातच तोकडी पडते. पेडण्यातल्याच मोपा विमानतळावर आपला काउंटर हवा म्हणून आंदोलन करणारे टॅक्सीवाले याच तालुक्याचे. हरमल-मांद्रेत खोल्या भाड्याने देणारी घरे कितीतरी आहेत. मोरजीत तर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला वनखात्याबरोबर गावकरीही उभे राहिले. पर्यटनाला वैरी मानणारा तालुका असा वागत नाही.

गावाला तांत्रिक बाबी कळत नाहीत, असा एक आक्षेप हमखास येतो. पण मोपा विमानतळाच्या प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेच पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण प्रस्तावात जवळच्या राखीव जंगलांची माहिती दिलेली नव्हती. पुढे अटींसह ती स्थगिती उठली. मात्र जंगल कुठे आहे हे सांगायला गावाला तज्ज्ञ लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तरुणांना नोकऱ्या कोण देणार? हा प्रश्न रास्तच आहे, आणि डिचोलीने त्याची किंमत मोजली आहे. खाणींसारख्या एकाच धंद्याला बांधलेला तालुका एका निकालाने थांबतो, हे तिथे ट्रकमालकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सर्वांनी अनुभवले. म्हणूनच विचारायला हवे की नवे पर्यटन स्थानिकांना मालक ठेवणार की केवळ पगारदार. खोलीचे भाडे दर हंगामात येते; विकलेल्या बागायतीचे पैसे एकदाच येतात, आणि भाव चढल्यावर पुढच्या पिढीला तिथे घर बांधणेही परवडत नाही.

गावाला विचारायचे ते ग्रामसभेत, आणि तिथे दोन-चार जणांचाच आवाज चालतो, हेही खरे आहे. मात्र त्यावर उपाय ग्रामसभा टाळणे नव्हे. आराखडा सर्व्हे क्रमांकांसह, मराठी-कोकणीत, निर्णयाआधी पुरेसे दिवस पंचायतीत लावला, तर बोलणाऱ्यांची संख्या वाढेल. तुमच्यातले काही जण वास्तुरचनाकार, अधिकारी, हॉटेल व्यवस्थापक होतील. एखाद्या मोठ्या प्रकल्पाची फाईल समोर येईल तेव्हा पेडण्याला पाणी पुरवणाऱ्या चांदेलच्या जलप्रकल्पातून आज कोणत्या वाड्यांना किती पाणी मिळते आणि नव्या खोल्यांना ते कुठून देणार, याचे लेखी उत्तर मागा, आणि ते मिळेपर्यंत सही करू नका.