‘लीट’ : एका अपरिचित शब्दाची कुळकथा

नदीला इंग्रजीत ‘रिव्हर’ आणि कालव्याला ‘कॅनॉल’ म्हणतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘लीट’ हा शब्द मात्र इंग्रजीच्या पदवीधरालाही बहुधा अडवील. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांत, तो आजही प्रचारात आहे. नदीला बांध घालून, डोंगराच्या कडेकडेने मंद उताराने पाणचक्कीपर्यंत, कथलाच्या खाणीपर्यंत किंवा गावापर्यंत पाणी आणणारा खोदलेला चर म्हणजे लीट. आपल्याकडील पाटाचा हा सख्खा भाऊच म्हणावा.

या शब्दाचे मूळ मोठे बोधप्रद आहे. प्राचीन इंग्रजीत ‘लॅटन’ म्हणजे सोडणे, जाऊ देणे. आजचे ‘लेट’ हे क्रियापद त्याचेच रूप. त्यापासून झालेला ‘येलॅट’ हा शब्द पाण्याच्या मार्गाला लावीत. रस्ते जेथे मिळतात त्या ठिकाणालाही लावीत. आपणही पाटाला पाणी ‘सोडतो’, हे येथे सहज आठवते. उलट, पूर्व इंग्लंडातील पाणथळ प्रदेशात मानवनिर्मित जलमार्गाला ‘लोड’ म्हणतात; त्याचे नाते ‘नेणे’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. एकाने पाणी सोडले, दुसऱ्याने ते नेले!

लीटांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्लिमथ शहराचा. 1585 साली पार्लमेंटने त्याला कायद्याने संमती दिली. सर फ्रान्सिस ड्रेक या दर्यावर्दीच्या देखरेखीखाली 1590 च्या डिसेंबरात खोदकाम सुरू झाले आणि 1591 च्या एप्रिलात मीव्ही नदीचे पाणी सुमारे 17 मैलांची वाट चालून शहरात आले. ड्रेकने मंत्र म्हटला आणि पाणी त्याच्या घोड्यामागोमाग धावत आले, अशी लोककथा आहे. खोदणाऱ्या मजुरांना मात्र त्या कथेत जागा नाही. पुढे या पाटावर पाणचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्या भाडेपट्ट्याने ड्रेककडेच गेल्या. भाड्याने देणे यालाही इंग्रजीत ‘लेट’च म्हणतात, हा योगायोग मार्मिक आहे.

1898 साली बरेटर जलाशय पुरा झाला आणि या लीटाचे उगमस्थान त्याच्या पाण्याखाली गेले. शब्द मात्र बुडाला नाही. नदी आपली आपण वाहते. लीटाला पाणी कोणीतरी सोडावे लागते. ते सोडणारा हात कोणाचा आणि ते कोणाच्या दारी जाते, हा प्रश्न या लहानशा शब्दाच्या पोटातच आहे.